वाघोबाचं कीटण

एका जंगलात एक वाघ होता. हसू नका, गोष्टीत वाघ असतोच. पण ह्या वाघाच्या तोंडाला असा वास यायचा, की शिकार कोसभर आधीच नाक धरून पळायची. हिरड्या सुजलेल्या, दातांवर कीटणाचे थर. महाराज आठ दिवस उपाशी!

शेवटी त्यांनी टोचाक्काला बोलावलं. ही सुतारपक्षीण. झाडांतले किडे काढायची, आणि त्याच चोचीने जनावरांचे दात साफ करायची.

"महाराज, हिरडीच्या खालपर्यंत साफ करावं लागेल," ती म्हणाली. "चार दिवस ठणकेल. रक्त येईल. गार पाणी झोंबेल. सूज उतरली की फटी दिसतील. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा. ताप आला तर लगेच मला बोलवा."

हे सगळं तिने पळसाच्या पानावर लिहूनही दिलं. महाराजांनी न वाचताच पंजा उठवला. मोठे लोक वाचत नसतात, बाळांनो, पंजा उठवतात. पान दप्तरात गेलं. दप्तर शेळीकडे होतं. तिच्याइतक्या झटपट कागदांचा निकाल कोणीच लावत नसे.

टोचाक्काने दोन दिवस खपून टोपलीभर कीटण काढलं.

तिसऱ्या दिवशी महाराज ओढ्यावर पाणी प्यायले आणि असे किंचाळले, की माकडं झाडांवरून टपाटप पडली.

"अरे, दात हलतायत माझे! फटी पडल्या! डरकाळी फोडली तर शिट्टी वाजते!"

झालं! जंगल समाचाराला लोटलं. येणाऱ्याने औषध आणायचं आणि आजाऱ्याने नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीत. अस्वलाने हिरड्यांना मशेरी चोळली. रानडुकराने वरून बिब्बा लावला. दुपारपर्यंत गाल भोपळ्याएवढा झाला आणि ताप भरला.

मग टोचाक्काला बोलावलं. पण आरोपी म्हणून.

"महाराज, पान बघा ना! सगळं लिहून दिलं होतं मी."

शेळीने ढेकर दिली. "दप्तरात असं पान नाही," ती म्हणाली.

"माझं कीटण दिवस मावळायच्या आत परत बसव," महाराज गुरगुरले. "नाहीतर तुझ्या ढोलीतली तिन्ही पिल्लं मी गिळीन. चावायची गरजच नाही."

तरी टोचाक्का म्हणाली, "महाराज, हा ताप बिब्ब्याचा आहे हो! मला बघू द्या, चार दिवसांत बरे व्हाल..."

"कीटण!"

काय करते बिचारी? नदीचा गाळ आणला, त्यात बाभळीचा डिंक कालवला आणि साऱ्या फटी लिंपून टाकल्या.

महाराजांनी डरकाळी फोडली. शिट्टी नाही!

"अहाहा! आता कसं घट्ट वाटतंय!"

टोचाक्काला राजवैद्य केलं. शाल दिली, श्रीफळ दिलं. शाल इतकी मोठी होती, की तिला बाहेर काढायला चार माकडं लागली.

महिन्याभरात महाराजांचे सगळे दात गळाले. शेवटचा सुळा पडला त्या दिवशी हरिणी टोचाक्काच्या झाडाला ओवाळून गेल्या. ती मात्र ढोलीत तोंड लपवून बसली. तिला खरंच बरं करायचं होतं हो.

खालून महाराजांची हाक आली.

"टोचाक्का, तुझ्या चोचीला गुण आहे बरं का! आता एकही दात दुखत नाही."

तात्पर्य : बरं होताना दुखतं. म्हणून शहाण्याने बरं होऊ नये. आणि वैद्याने आधी शेळी बघावी, मग रोगी.