सयामी आवाज

गडहिंग्लजला मांजर एकदम मिळत नाही. ज्या जातीचं हवं तिचा जो मुख्य त्रास, तो आधी पंधरा दिवस घरी नेऊन ठेवावा लागतो, आणि तो निभावला तरच मांजर देतात.

कुमुद शिंत्रे हे ऐकून होती, पण आपल्यावर ती वेळ येईल असं तिला वाटलं नव्हतं. वाचनालयात आठ तास पुस्तकं देऊन-घेऊन ती घरी यायची तेव्हा तिला चपला काढायचाही कंटाळा यायचा. घरी फक्त सासरे होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे आबा. कुमुदचा नवरा श्रीधर गेला त्याला दोन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आबा 'हं' आणि 'नको' एवढ्यावरच भागवत होते. एका रविवारी जेवून उठताना ते म्हणाले, "एखादं मांजर आणावं का?" दोन वर्षांतलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं. त्याला नाही म्हणणं कुमुदला जमलं नाही. सोमवारी अर्धी रजा टाकून ती मांजर कार्यालयात गेली.

"काय पाहिजे?" हुद्दार नावाच्या लिपिकानं विचारलं.

"मांजर."

"ते कळलं. जात?"

"साधीच. देशी."

"देशीला इथं यावं लागत नाही, बाई. ती आपणहून येते. आली का तुमच्याकडे?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी चष्मा पुसला. "घरात बसून राहणारं हवं असेल तर पर्शियन. केस घेऊन जा."

केस कागदाच्या पुडीत मिळाले. घरी पुडी सोडल्यावर ते एका उशीवर जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवसापासून घरभर झाले. रोज वीस मिनिटं विंचरलं नाही तर गुठळ्या होतात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. म्हणून कुमुद संध्याकाळी उशी मांडीवर घेऊन विंचरत बसायची. कधीकधी विंचरतानाच तिचा डोळा लागायचा. सातव्या दिवशी आबांना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. आठव्या दिवशी तिनं केस गोळा करून पुडी परत नेली.

"बहुतेक लोक केसांतच परत येतात," हुद्दार म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "कमी केसांची म्हणजे सयामी. पण ती बोलते, आणि तिला उत्तर लागतं. घरी दिवसभर कोण असतं?"

"सासरे असतात. पण ते बोलत नाहीत."

"मग उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील," म्हणत त्यांनी तोंड बांधलेली एक कापडी पिशवी पुढे केली.

आवाज पिशवीतून निघाला तो तक्रार करतच. स्वयंपाकघराच्या फळीवरून, खिडकीतून, कुमुदच्या पायाशी येऊन तो सतत काहीतरी विचारत राहायचा, आणि उत्तर मिळालं नाही तर तेच पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. कुमुद पोळ्या लाटता लाटता "हो गं," "बघते गं," म्हणत राहायची. दिवसभर लोकांशी बोलून आल्यावर हे बोलणं तिच्या अगदी जिवावर यायचं.

पाचव्या दिवशी ती घरी आली तेव्हा आतून आबांचा आवाज येत होता. ती दारातच थांबली.

"तसं नाही ते," आबा म्हणत होते. सयामी काहीतरी बोलली. "आमटीत मीठ कमी पडतं, खरंय. पण चव श्रीधर बघायचा. आता तिला कोण सांगणार? दमून येते बिचारी."

सयामीनं पुन्हा विचारलं.

"छे. मी नाही सांगायचो."

दोन वर्षं हा माणूस अळणी आमटी मुकाट्यानं जेवत होता. कुमुदला आधी राग आला. मग रागावण्याइतकंही त्राण नाही असं जाणवून ती पायरीवर बसून राहिली. आतलं बोलणं बराच वेळ चाललं होतं.

पंधरा दिवस भरल्यावर ती कार्यालयात गेली. हुद्दारांनी अर्ज काढला.

"सयामी अठरा वर्षं जगते, कधी जास्तही. सासऱ्यांचं वय चौऱ्याऐंशी. त्यांच्यामागं कोण, या रकान्यात नाव लागतं."

"माझं घाला."

"वय?"

"त्रेपन्न."

"म्हणजे एकाहत्तरपर्यंत," हुद्दारांनी बेरीज करून सांगितलं. "आणि तिला घर बदललेलं सोसत नाही. तेव्हा पत्ता शक्यतो हाच."

कुमुद बाकावर जाऊन बसली. श्रीधर गेल्यापासून तिचा भाऊ तिला मिरजेला बोलावत होता. ती 'बघू' म्हणायची. त्या घरात ती एकेक दिवस राहत आली होती. एकदम अठरा वर्षं राहायचं असं तिनं कधी ठरवलं नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"आणि नाही घेतली तर?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"आवाज जमा करायचा. उद्या पाचच्या आत."

मग उठून तिनं सही केली.

शुक्रवारी संध्याकाळी टोपलीतून मांजर आलं. सायीच्या रंगाची, काळ्या तोंडाची, निळ्या डोळ्यांची ती मांजरी एक शब्दही न बोलता कपाटाखाली जाऊन बसली. आवाज मात्र नेहमीसारखा आबांच्या खाटेवर होता. दोघं एकत्र यायला आठ-दहा दिवस लागतात, घाई करू नये, असं पत्रकात होतं. कुमुदनं कपाटाखाली दुधाची बशी सरकवली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

आबांनी तिकडं पाहिलं.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

खाटेवरून लगेच लांबलचक उत्तर आलं.

"तुला नाही," आबा म्हणाले. "कुमुदला विचारतोय."