कोउमे माकडिणीच्या चुका

एका जंगलात सगळे बॅडमिंटन खेळत. हसू नका. गोष्टींमधले प्राणी राज्यं चालवतात, न्यायनिवाडे करतात, तेव्हा तुम्ही शहाण्यासारख्या माना डोलावता. मग माकडिणीच्या हातात एक रॅकेट दिली तर काय बिघडलं?

तर बाळांनो, हे जंगल होतं दूर पूर्वेला, जपानात. तिथे थंडीत गुडघाभर बर्फ पडे आणि त्या बर्फात गरम पाण्याची कुंडं वाफाळत बसलेली असत. तिथले प्राणी फार सभ्य होते. भेटले की कमरेत वाकत. एकदा दोन हरणं अरुंद पायवाटेवर समोरासमोर आली आणि एकमेकांना वाट देण्यासाठी वाकली. शिंगांत शिंगं अडकली. तरी दोघंही माफी मागत राहिली. सोडवायला रानडुक्कर धावत आलं, पण त्यानं आधी वाकून नमस्कार केला, म्हणून आणखी उशीर झाला.

शटल राजहंसांच्या गळलेल्या पिसांचं असे. म्हणून राजहंस सामन्याला पहिल्या रांगेत बसत. कुणी जोरात स्मॅश मारला की त्यांच्या अंगावर काटा येई.

त्या जंगलात प्रत्येक मोठ्या दुकानाचा आपला संघ असे. सकाळी दुकानात काम करायचं, दुपारी दुकानासाठी खेळायचं. ‘अस्वल आणि मंडळी, मधाचे व्यापारी’ या दुकानात कोउमे नावाची लाल तोंडाची माकडीण बरण्या पुसायला होती. चिझुरु नावाची करकोची त्या बरण्या उंच फळीवर ठेवायला होती. चिझुरु एक हंगाम आधी नोकरीला लागलेली. म्हणून कोउमे तिला ताई म्हणे.

कोउमेला शिडी चढायचा भारी कंटाळा. माकडीण असून कंटाळा, हो. ती बरणी पुसायची आणि खालूनच वर उडवायची. चिझुरु ती पंखांत अलगद झेलून फळीवर ठेवायची. दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नसत. एक दिवस हे अस्वलकाकांनी पाहिलं आणि त्यांचा जीव बरण्यांत अडकला. पण एकही बरणी फुटली नाही.

“उद्यापासून तुम्ही दोघी दुहेरी खेळा,” अस्वलकाका म्हणाले. “आणि देवाशपथ, बरण्यांना हात लावू नका.”

अशी कोउमेची कारकीर्द सुरू झाली.

दुहेरीत काय असतं, एक जण पुढे जाळीपाशी उभी राहते, एक मागे. पुढची शटल असं काही हळूच टाकते की पलीकडच्यांना ते वर उचलण्यावाचून इलाज नसतो. वर आलेलं शटल मागची धाडकन खाली हाणते. टाळ्या मागचीला मिळतात. हा खेळाचा नियम नाही, टाळ्यांचा आहे. कोउमे पुढे होती. तिला त्याचं काही वाटत नसे. चिझुरुताई पंख उघडून हवेत उठली की ती स्वतःच टाळ्या वाजवायची. पंच असलेलं कासव तिला दर वेळी समज देई.

आता त्या जंगलातली एक रीत सांगतो. गुण गेला की जिची चूक असेल तिनं जोडीदारणीकडे वळून वाकायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, “चूक माझी!”

चिझुरुला ही रीत झेपत नसे. खेळायची वाघिणीसारखी, पण मन लोण्याचं. आपलं चुकलं असं वाटलं की ती एका पायावर उभी राही, लांब मान वाकवी आणि डोकं पंखाखाली घाली. मग सामना गेला म्हणून समजा. घंटा वाजवा, ढोल वाजवा, डोकं काही बाहेर येत नसे.

कोउमेनं हे पहिल्याच सामन्यात ओळखलं. गुण गेला की चिझुरुची मान वाकायला सुरुवात होण्याआधी ती टुणकन उडी मारून ओरडायची, “चूक माझी, ताई!” शटल मागे चिझुरुच्या पायाशी पडलेलं असो, नाहीतर चिझुरुनं मारलेलं थेट राजहंसांच्या मांडीवर गेलेलं असो. चूक कोउमेची. चिझुरु म्हणायची, “असू दे गं, होतं असं.” आणि पुढचा गुण हाणून घ्यायची.

त्या जिंकत सुटल्या. भाताच्या पेंड्यांचा चषक जिंकला, कमळतळ्याचा चषक जिंकला. दुकानाचा मध दुप्पट खपू लागला. सत्कार झाले. सत्कारात चिझुरुला मधे उभं करत आणि कोउमेला हार धरायला सांगत. तो हार चिझुरुच्या गळ्यात पडताना तिला खराच आनंद होई. तुम्हाला हे खोटं वाटेल, कारण तुम्ही कधी दुहेरी खेळला नाहीत.

कोउमेचं एकच स्वप्न होतं. चार वर्षांनी एकदा सात जंगलांची स्पर्धा होई. जिंकणाऱ्या जोडीला सोन्याचा मुळा मिळे. त्या स्पर्धेत ताईच्या पुढे, जाळीपाशी एकदा उभं राहायचं. पुढच्या खेपेला तिचे गुडघे साथ देणार नव्हते. म्हणजे जे काय ते याच खेपेला.

या स्पर्धेसाठी जंगलाचा संघ ठरवणारी निवड समिती होती घुबडरावांची. समितीत ते एकटेच होते, म्हणून एकमत लगेच होई. सामने दुपारी, एका पोकळ देवदाराच्या आत होत. घुबडराव वरच्या खाचेत डोळे मिटून बसत. सगळे म्हणत, काय हा विचार, काय हे चिंतन! बाळांनो, घुबड दुपारी काय करतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते गाढ झोपत. रॅकेटच्या आवाजानं त्यांची झोप मोडत नसे. फक्त कुणी खणखणीत ओरडलं, तर तेवढं कानात शिरे.

शरद ऋतूत त्यांनी अस्वलकाकांना बोलावलं.

“करकोची ठेवू,” घुबडराव म्हणाले. “माकडीण काढा.”

“का हो, साहेब?” अस्वलकाकांनी जांभई दिली. त्यांची हिवाळी झोप जवळ आली होती.

“प्रत्येक चूक तिची. मी स्वतः ऐकलंय.”

“ती आपली नम्रतेनं म्हणते.”

“मग नम्रतेचं प्रशस्तिपत्र द्या तिला. संघात शेजारच्या दुकानाची कोल्हीण घ्या. इतके सामने ऐकले मी तिचे, पण कोल्हिणीनं एकदाही चूक केलेली नाही.”

कोल्हिणीनं चूक केलेली नाही हे खरंच होतं. ती ज्या चुका करायची, त्या सगळ्या तिच्या जोडीदारणींच्या नावावर जात. अस्वलकाका आणखी काहीतरी बोलणार होते. पण त्यांना दुसरी जांभई आली आणि ते गुहेत जाऊन झोपले.

कोउमे चिझुरुला सांगायला गेली. तिला वाटलं, ताई चिडेल. पंख आपटेल. निदान एखादी बरणी तरी फोडेल.

चिझुरु हळहळली. मग मायेनं म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नकोस गं. तुझ्या चुका फार व्हायच्या, नाही का? मी कधी बोलले नाही इतकंच.”

कोउमेनं तोंड उघडलं. सगळं सगळं सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिला दिसलं, चिझुरुचा एक पाय जमिनीवरून किंचित उचलला गेला होता. मान वाकायला लागली होती.

“हो ताई,” कोउमे म्हणाली. “चूक माझी.”

मग ती गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसली. नाकापर्यंत बुडून. तसं बसलं की डोळ्यांतून पाणी आलं तरी कुणाला कळत नाही.

स्पर्धा भर थंडीत आली, या खेपेला त्याच देवदारात. कोउमे तिसऱ्या रांगेत बसली होती. अंतिम सामन्यात समोर होत्या पलीकडच्या जंगलातल्या दोन बिबट्या-बहिणी. पहिलं शटल चिझुरुनं जाळीत मारलं. सवयीनं तिनं पुढे पाहिलं.

कोल्हीण सावकाश वळली. “चूक तुझी,” ती म्हणाली.

चिझुरुनं हे वाक्य जन्मात ऐकलं नव्हतं. “काय म्हणालात?” तिनं विचारलं.

“तुझी. चूक. पुढचीपण तुझीच असणारे, आत्ताच सांगून ठेवते.”

चिझुरुचा एक पाय वर गेला. मान वाकली. डोकं पंखाखाली गेलं. बिबट्या-बहिणी पटापट गुण घेऊ लागल्या. कोल्हीण एकटी धावे, चुके आणि दर वेळी त्या पंखांच्या गाठोड्याकडे बोट दाखवी. जंगलानं कपाळाला हात लावला. राजहंसांनी डोळे मिटले.

कोउमेला ते बघवेना. आपण प्रेक्षक आहोत, आपल्याला काढून टाकलंय, हे ती साफ विसरली. तिसऱ्या रांगेतून ती टुणकन उडाली आणि ओरडली, “चूक माझी, ताई!”

गाठोडं हललं. पिसांतून एक डोळा बाहेर आला.

पुढचा गुण गेला. “चूक माझी!” कोउमे पुन्हा ओरडली. शेजारचा ससा सभ्य होता. बाई एवढी माफी मागताहेत आणि आपण गप्प बसायचं, हे त्याला बरं दिसेना. तोही उठून वाकला, “छे छे, चूक माझी!” मग हरणं उठली, “चूक आमची!” रानडुकरं उठली. राजहंस तर रडवेले होऊन म्हणाले, “पिसंच आमची, चूक आमचीच!” सगळा देवदार दणाणला. जिकडेतिकडे वाकलेल्या कमरा. कासवानं शिस्तीसाठी शिटी तोंडात घेतली, काढली आणि तेही म्हणालं, “खरं म्हणजे चूक माझी.”

एवढ्या चुका वाटून गेल्यावर चिझुरुच्या वाट्याला एकही उरली नाही. तिचं डोकं बाहेर आलं, पाय खाली आला, पंख उघडले. मग तिनं असे काही स्मॅश मारले की बिबट्या-बहिणी नमस्कार करायलाच वाकल्यासारख्या दिसू लागल्या. कोल्हीण जाळीपाशी बसून शेपूट विंचरत होती. सामना जिंकला. जंगल नाचलं. ससा रानडुकराच्या पाठीवर बसून तीन फेऱ्या मारून आला. अस्वलकाका गुहेत कुशीवर वळले.

सोन्याचा मुळा कोल्हिणीनं दोन्ही हातांनी उचलला. तिनं भाषणही केलं. विषय होता, ‘संघभावना’.

घुबडरावांना त्या दुपारी मात्र फार त्रास झाला. झोपेत सारखं काहीतरी कानात शिरत होतं. त्यातला पहिला आवाज त्यांनी बरोबर ओळखला. “ही माकडीण!” ते गरजले. “ज्या सामन्यात खेळलीच नाही, त्यातसुद्धा हिनं चुका केल्या!” आणि त्यांनी कोउमेला जन्मभरासाठी संघाबाहेर काढलं.

संध्याकाळी चिझुरु कुंडापाशी आली. कोउमे नाकापर्यंत बुडून बसली होती.

“कोउमे, आज तू मैदानात नव्हतीस.”

“नव्हते, ताई.”

“मग चुका कुणाच्या होत्या?”

कोउमे गडबडली. “वाऱ्याच्या असतील.”

“देवदाराच्या पोटात वारा कुठला?”

“मग कोल्हीणबाईंच्या.”

“पहिलं शटल मी जाळीत मारलं. तू तिसऱ्या रांगेतून म्हणालीस, चूक माझी.” चिझुरु काठाशी आली. “आणि त्याआधीची सगळी?”

कोउमे डोळ्यांपर्यंत बुडाली. चिझुरुची मान वाकू लागली. कोउमे घाईघाईनं पाण्यातून उठली आणि ओरडायला तिनं तोंड उघडलं. पण मान पंखाखाली गेली नाही. ती खाली खाली येत राहिली आणि चोच पाण्याला टेकली. दोन्ही पाय जमिनीवर होते.

“चूक माझी,” चिझुरु म्हणाली.

इतक्या वर्षांत हे कोउमेला कुणी म्हटलं नव्हतं. यावर काय म्हणायचं असतं, तेच तिला ठाऊक नव्हतं. ती पुन्हा पाण्यात बसली. मग तिला आठवलं.

“असू दे गं ताई,” ती म्हणाली. “होतं असं.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी चिझुरु निवड समितीकडे गेली. खाचेखाली उभी राहून तिनं सगळं सांगितलं. कोण पुढे होतं, कोण मागे, कुणाची मान वाकायची, कुणाचा आवाज कशासाठी यायचा. घुबडराव चिंतनात होते. शेवटी ती जीव खाऊन ओरडली, “साहेब, माकडिणीची नव्हे, चूक माझी!”

शेवटचे दोन शब्द घुबडरावांच्या कानात शिरले.

चिझुरुलाही संघातून काढलं. तिच्या जागी दुसरी कोल्हीण आली. आता त्या जंगलाच्या संघात दोन कोल्हिणी आहेत. त्या कधीच चुकत नाहीत. पुढची सात जंगलांची स्पर्धा त्या पहिल्याच फेरीत हरल्या. समितीनं चौकशी केली आणि राजहंसांना शिक्षा झाली.

आणि आपल्या दोघी? वसंतात अस्वलकाका उठले, तेव्हा दुकानात बरण्या हवेत उडत होत्या आणि वरच्या वर झेलल्या जात होत्या. दुपारी मागच्या अंगणात जाळी लागलेली. कोउमेचे गुडघे कुरकुरत, म्हणून खेळ हळू चाले. गुण गेला की दोघी एकदमच ओरडत, “चूक माझी!” आणि मग चूक नक्की कुणाची यावर इतक्या भांडत की पुढचं शटल मारायचं राहून जाई. सगळं जंगल कुंपणाशी उभं राहून तो सामना बघे. देवदारात कोल्हिणींच्या सामन्याला घुबडराव तेवढे असत.

तात्पर्य : चूक मोठ्या मनानं कबूल करावी, पण हळू आवाजात. निवड समिती झोपलेली असते, बहिरी नसते.