बारा चित्रकार आणि एक ओली भिंत

ज्याला पोरांच्या डोक्यात आवर्तसारणी उतरवता येते, त्याला जगातले काहीही शिकवता येते, असे माझे ठाम मत होते. म्हणून १९८४च्या जानेवारीत मी घरात जाहीर केले की माझ्या सात वर्षांच्या मुलीला, नंदिनीला, मी आधुनिक चित्रकला शिकवणार. चित्रकार बारा, रविवार बारा, दर रविवारी एक!

निमित्त होते कॅलेंडर. महाविद्यालयातली मास्तरकी सोडून मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कापडरंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ झालो होतो. त्या वर्षी कारखान्याने देवदेवतांना रजा देऊन बारा परदेशी चित्रकारांची अमूर्त चित्रे छापली. कॅलेंडर एवढे मोठे की त्याखाली एक माणूस झाकला गेला असता.

"यात एकादशी कुठे आहे?" मीनाने, म्हणजे माझ्या पत्नीने, विचारले.

"यात एकादशी नाही. यात कान्डिन्स्की आहे."

"मग उपास कान्डिन्स्कीचा धरू का?"

तरीही तिने ते हॉलमध्ये टांगले. कलेच्या प्रेमाने नव्हे. बेलापूरच्या नव्या वसाहतीतल्या आमच्या नव्या घरात, नव्या भिंतीवर, तितक्याच आकाराची ओल आली होती. ती झाकायची होती!

आता या ओलीविषयी. आमच्या बरोबर वर रावसाहेब मोरे राहत. रावसाहेब हे त्यांचे नाव, हुद्दा नव्हे. ते कचेरीत लेखनिक होते. त्यांची मोरी आमच्या भिंतीच्या डोक्यावर होती. पण मोऱ्यांचे म्हणणे वेगळे.

"काय बी बोलता राव! माझी मोरी खडखडीत हाय. खाडी जवळ हाय ना, हवेतच पानी हाय. आमच्या लातूरला या, बघा भिंत कशी ऱ्हाती!"

इमारतीची हमी ३१ मार्चला संपत होती. त्याआधी वसाहतीच्या देखभाल कचेरीने 'गळती वरून' असे लिहून दिले, तर वरची मोरी फुकट फोडून नवी होणार होती. नाहीतर येत्या पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये अळू लावता आले असते.

गृहीतके दोन, पुरावा शून्य. मी पुरावा गोळा करू लागलो. दर रविवारी कॅलेंडर उचलायचे, ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची, तारीख टाकायची. नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या त्या रेषा पाहून मला गहिवरून येत असे.

जवळच्या दिवाळे गावची कोळीण गोजरा रविवारी दारात बोंबील घेऊन बसे. तिने एकदा मान वाकडी करून पाहिले.

"काय मास्तर, भरतीची रेघ मारताव? यो पानी वरशी येतंय हाय!"

"ते सिद्ध व्हायचे आहे," मी म्हणालो.

"सिद्द काय? पानी कंदी खालशी वर जातंय का?"

निरीक्षण अचूक होते; पण नोंदवही नव्हती.

रेघ मारून झाली की चित्रकलेचा तास. मला स्वतःला त्या चित्रांतले काही कळत होते का? नाही. पण विषय न कळणे ही शिकवण्यातली अडचण असते, असे मला आमच्या महाविद्यालयात तरी कधी आढळले नव्हते.

मी नियम घालून दिला. "नंदिनी, चित्रापुढे उभे राहून 'हे काय आहे?' असे विचारायचे नाही. फक्त बघायचे. रंग कुठे आहे, कुठे जातो, एवढेच."

मालेविचचा काळा चौकोन पाहून ती म्हणाली, "लाईट गेले."

मोन्द्रियानच्या सरळ रेषा आणि चौकटी पाहून म्हणाली, "आपली बिल्डिंग. हे मोरे काकांचं, हे आपलं."

शेवटच्या रविवारी, २५ मार्चला, पोलॉकचे शिंतोडे तिने बराच वेळ न्याहाळले. "बाबा, यांना त्यांची आई ओरडली नाही?"

उत्तर माहीत नसल्याने मी प्रयोग सुचवला. कारखान्यातून आणलेल्या रंगांच्या नमुन्याच्या बाटल्या दिल्या, लाल आणि निळी, आणि वर्तमानपत्रावर शिंतोडे उडवायला सांगितले. इथे माझी एक चूक झाली. 'फक्त वर्तमानपत्रावर' असे मी म्हणालो नाही.

देखभाल कचेरीचे ओव्हरसियर जयप्रकाश वैद्य अखेर आले ते शनिवारी, ३१ मार्चला, सकाळी साडेदहाला. हमी संपायला अर्धा दिवस! सोबत प्रतिवादी म्हणून रावसाहेब. मी रजा घेतली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. बारा आठवड्यांच्या निरीक्षणांवर छोटेसे भाषण केले आणि नाटकाचा पडदा उघडावा तसे कॅलेंडर उचलले.

भिंतीवर एक लाल सूर्य फुटला होता! त्याच्यातून तीन निळ्या नद्या निघाल्या होत्या, त्या माझ्या समोच्च रेषांवरून उड्या मारत खाली गेल्या होत्या, आणि कोपऱ्यात सही होती: नंदिनी, दुसरी ब.

मीनाने डोळे मिटून घेतले. रावसाहेबांचे मात्र लखकन उघडले.

"घ्या सायेब! हौसेनं रंगवलेली भिंत हाय, म्हने गळती!"

"ओल कुठंय?" वैद्यांनी विचारले.

"चित्राखाली!"

"मला तर पेंटिंग दिसतंय. हे काय आहे?"

"हे काय आहे असं विचारायचं नसतं," नंदिनी म्हणाली.

वैद्यांनी भिंतीला अंगठा लावला. अंगठा निळा झाला. "भिंत ओली आहे!" मी ओरडलो.

"रंग ओला आहे," ते म्हणाले. "आज लावला असेल. कशावरून नाही?"

आक्षेप शास्त्रशुद्ध होता. म्हणूनच तो फार लागला! वैद्यांनी रुमाल काढून अंगठा पुसला, मग घासला, मग थुंकी लावून घासला. तो रंग मी स्वतः 'पक्का' म्हणून प्रमाणित केलेला होता. अंगठा तसाच राहिला, आणि वैद्यांचा चेहरा आमच्या विरोधात गेला. त्यांनी फॉर्म काढला, पेनाचे टोपण उघडले.

"काका, थांबा ना," नंदिनी म्हणाली. "आता निळा खाली येईल. मोरे काकू धुणं धुतात ना, तेव्हा निळा येतो. मोरे काकांच्या आंघोळीला लाल."

"आं?" रावसाहेब म्हणाले.

"मी रोज बघते. बाबांनीच सांगितलंय. रंग कुठे जातो ते बघायचं."

वैद्यांनी टोपण पुन्हा बसवले. "रावसाहेब, घरी सांगा, दोन बादल्या ओता."

रावसाहेब खिडकीतून वर ओरडले, "काशे! मोरीत दोन बादल्या वत!"

"आत्ताच तर पुसली!" वरून आवाज आला.

"वत म्हन्लं ना! सरकारी काम हाय!"

पाणी कोसळल्याचा आवाज झाला. आम्ही पाच माणसे भिंतीकडे बघत उभे राहिलो. कलादालनात असेच उभे राहत असावेत. मी घड्याळ लावले. चौथ्या मिनिटाला सूर्याच्या पोटातून एक लाल थेंब निघाला. सहाव्या मिनिटाला तिन्ही नद्यांना पूर आला!

"अरे तिच्या मायला!" रावसाहेब गहिवरून म्हणाले. "ही तर माझीच मोरी हाय!"

पाण्यात रंग सोडून गळतीचा माग काढणे ही शंभर वर्षे जुनी पद्धत आहे. दिवसभर रंगांतच बुडालेल्या मला ती बारा आठवड्यांत सुचली नव्हती. मी हे कुणाला सांगितले नाही. मीनाने माझ्याकडे पाहिले. तिला सांगायची गरज पडली नाही.

वैद्यांनी तिथेच, मांडीवर फॉर्म ठेवून, अहवाल लिहिला. निळ्या अंगठ्याचा ठसा आपोआपच उमटला. मीनाने तो वाचून दाखवला.

"गळती वरच्या मोरीतून, सिद्ध. कु. नंदिनी हिने रंग लावून दाखवल्यामुळे शंका उरली नाही. दुरुस्ती हमीत करावी."

माझी छाती फुगली. "पुढे माझ्या रेषांबद्दल काही असेल."

"आहे," मीना म्हणाली आणि पुढचे वाक्य तिने दोनदा वाचले, दुसऱ्यांदा दार उघडे ठेवून. "भिंतीवर पेन्सिलीने रेघोट्या व आकडे मारून ठेवले आहेत. मुलीला समज द्यावी."

खाली पालकाची सही हवी होती. मी केली.