पत्रिकेला लागणारं सामान

भोरमधल्या तरन्नुमच्या कॉम्प्युटर सेंटरात आनंदराव उद्घाटनाची पत्रिका छापायला सोमवारी आले, ते बुधवारी दुपारीही तिथंच बसून होते. हिर्डोशीच्या पलीकडे घाटाकडच्या एका वाडीचे ते सरपंच. शुक्रवारी पुण्याचे साहेब फीत कापायला येणार होते, आणि पत्रिकेचं अजून अक्षरही उमटलं नव्हतं.

साल दोन हजार तीन. तरन्नुमच्या मशिनवर तिच्या मामेभावानं, पुण्याच्या झुल्फिकारनं, विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकून दिलं होतं. त्यावर चालणारा मराठी टायपिंगचा प्रोग्राम मात्र तयार मिळेना. त्याचा नुसता कच्चा कोड होता. प्रोग्राम ज्यानं त्यानं आपापल्या मशिनवर बनवून घ्यायचा. तरन्नुम बनवायला बसली. मशिन म्हणालं, आधी अमुक पॅकेज, म्हणजे मदतीला लागणारा दुसरा प्रोग्राम, आणा. झुल्फिकारनं ते सीडीत घालून भोरच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. ते आलं, तर त्यालाच आणखी दोन पॅकेजं हवी होती. त्या दोघांना मिळून पाच.

"दाखल्याला रेशनकार्ड, रेशनकार्डाला दाखला," आनंदराव कौतुकानं म्हणाले. "ह्ये बनवणारा आपल्याच कचेरीतनं रिटायर झालेला दिसतोय."

बुधवारी अठरावं पॅकेज बसलं आणि पडद्यावर इंग्रजी ओळी धो धो पळू लागल्या. आनंदराव अर्धा तास हात जोडून बघत राहिले. ओळी थांबल्या. प्रोग्राम बनला! सरपंचांनी पेढे मागवले. तरन्नुमनं प्रोग्राम उघडला, तर मशिन म्हणालं, मराठी फॉन्ट सापडत नाही.

"मग ती अठरा काय कामाची?" ती फोनवर ओरडली.

"ती बनवायला लागतात गं," झुल्फिकार शांतपणे म्हणाला. "फॉन्ट चालवायला लागतो. आता अठराच्या अठरा काढून टाकलीस तरी काही बिघडत नाही."

तिनं रिसीव्हर आपटला.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं फॉन्ट आला. आनंदरावांनी खिशातून घडीचा कागद काढला आणि खड्या आवाजात मजकूर सांगू लागले. तरन्नुम टाइप करत गेली : 'पाण्याच्या टाकीचा भव्य उद्घाटन सोहळा.'

"काका, टाकीत पाणी कुठून येणार?"

"हिरीतनं."

"विहीर कधी झाली?"

"फुडच्या सालच्या आराखड्यात हाय न्हवं."

तरन्नुमची बोटं थांबली.

"आगं, पाणी टाकी चालवायला लागतं," आनंदराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "उद्घाटनाला न्हाई. तू छाप."