केसूनानांचं काचेचं छप्पर

एका जंगलात सावली फुकट मिळायची, म्हणून तिला कुणी विचारत नव्हतं. त्याच जंगलात केसूनाना नावाचं एक अस्वल राहायचं.

मुलांनो, अस्वलाच्या अंगावर किती केस असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. काळे, दाट आणि भर वैशाखातही काढून खुंटीला टांगता न येणारे. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

केसूनानांची मुलगी तानी लग्नाची झाली होती. पल्याडच्या डोंगरावरचे रायाजीराव म्हणजे अस्वलांतलं मोठं घराणं. त्यांच्या मुलासाठी तानीचं नाव निघालं. मध्यस्थ कावळा निरोप घेऊन आला.

"पाव्हणं मुलगी बघायला यायला तयार हायेत," तो म्हणाला. "पर न्यायला गाडी पाठवा म्हणत्यात. अन् गाडीला वर काच पायजे."

"वर काच कशाला?" केसूनानांची बायको हौसाबाई हिने विचारलं.

"त्याबिगर मोठेपणा दिसत न्हाई, वैनी."

केसूनानांना ते पटलं. त्यांनी सांबराकडून एक जुनी गाडी घेतली. बारा पावसाळे खाल्लेली. एसी चालायचा, म्हणजे आजारी माणसाने चहावर मारावी तशी फुंकर मारायचा. पण वर ही एवढी मोठी काच! काचेखाली पूर्वी एक सरकता पडदा होता. तो लोंबायला लागला म्हणून सांबराने उपटून टाकला होता. सांबराने गाडी भर फाल्गुनात विकली आणि विकताना ते सारखं हसत होतं. का हसतंय, हे विचारायचं केसूनानांना सुचलं नाही.

मग चैत्र आला, आणि त्याच्यामागून वैशाख.

गाडीचं दार उघडलं की भट्टीचं झाकण उघडल्यासारखं व्हायचं. स्टिअरिंगला पंजा लावला की चटका बसायचा. हौसाबाई डोक्यावर ओलं फडकं घेऊन बसायची. पहिल्या वळणापर्यंत फडकं वाळलेलं असायचं.

केसूनाना कोल्ह्याच्या दुकानात गेले. कोल्ह्याने काचेवर विलायती फिल्म चिकटवून दिली. म्हणाला, "खाली गाडी हाय हे उन्हाला कळायचं सुदीक न्हाई." आठ दिवसांत फिल्मला फोड आले. मग कोल्ह्याने एक बारका पंखा दिला. तो गरम हवा मागून पुढे आणि पुढून मागे न्यायचा. शेवटी त्याने अत्तराची बाटली दिली. तिने उकाडा कमी झाला नाही, पण उकाड्याला मोगऱ्याचा वास यायला लागला.

मग एका दुपारी हौसाबाई आणि तानी उठल्या. त्यांनी खोक्याचा जाड पुठ्ठा काचेच्या मापाने कापला. बिस्किटांच्या पुड्यांची चकचकीत बाजू उन्हाकडे येईल अशी वरून चिकटवली. खालून जुनं पांढरं धोतर चार पदरी करून शिवलं आणि सगळं आतून काचेला घट्ट बसवलं. गाडी जांभळाखाली लावली. बसण्याआधी चारी दारं जरा वेळ उघडी ठेवली.

गाडी थंडगार झाली नाही. उगाच खोटं कशाला सांगू? पण टाळू भाजायची थांबली. हौसाबाईला चक्क डुलकी लागली.

"बघा नाना!" तानी म्हणाली. "कायबी खर्च न्हाई."

"तेच तर!" केसूनाना कळवळून म्हणाले. "लोकांनी इचारलं तर सांगू काय? पुठ्ठा? अगं, काच झाकली तर ह्या गाडीत अन् चारचौघांच्या गाडीत फरक काय ऱ्हायला?"

त्यावर तोड निघाली. रानात पुठ्ठा लावायचा आणि वडाच्या पाराजवळ आलं की काढून मांडीवर घ्यायचा. पारावर बसलेल्यांनी काच बघून मान डोलावली की पुढे जाऊन परत लावायचा. मुलांनो, हसू नका. तुमच्या घरातही पाहुणे आले की कपाटातले चांगले कप निघतातच ना?

पाहुण्यांना आणायचा दिवस उजाडला.

"नाना, आज तरी पुठ्ठा काढू नगा," तानी म्हणाली. "भर दुपारचं यायचंय. रायाजीमामांचं केस तुमच्यापेक्षा दाट हायेत."

"खुळी का काय तू? ज्याच्यासाठी येत्यात तेच झाकू?" केसूनानांनी पुठ्ठा घरी ठेवला आणि गेले.

पल्याडच्या डोंगरावरून निघेपर्यंत बारा वाजले. रायाजीरावांना मागच्या सीटवर मधोमध बसवलं. बरोब्बर काचेखाली. ती मानाची जागा होती. शेजारी त्यांचा मुलगा बसला. त्याला घरात बोलायची सवय लावलेली नव्हती. कावळा मात्र, "तुमी व्हा फुडं," म्हणून उडत आला. तो शहाणा होता.

"पाव्हणं, उकडतंय का?" केसूनानांनी विचारलं.

"छ्या! उजेड ब्येस येतोय."

"फेटा काढता का जरा?"

"सोयऱ्याच्या गाडीत फेटा काढू? इज्जतीचा सवाल हाय." रायाजीरावांच्या फेट्याखालून धार लागली होती. "तुमाला लई घाम आलाय, नाना."

"आनंदाचा हाय," केसूनाना म्हणाले.

असं करत दोघेही शिजले. एकानेही तक्रार केली नाही. गाडी केसूनानांच्या दारात थांबली, तेव्हा रायाजीरावांनी डोळे पांढरे केले आणि मान टाकली.

"पाव्हणं ग्येलं!" कावळा ओरडला.

केसूनाना मटकन खाली बसले. मुलीचं लग्न तर राहिलंच, आता वर पाहुणा मारल्याचं बालंट. तानी मात्र धावत आली. एवढं मोठं अस्वल उचलून सावलीत नेणं शक्य नव्हतं. मग तिने सावलीच गाडीत नेली. चारी दारं उघडली, पुठ्ठा वर बसवला, फेटा सोडला, माठातलं पाणी रायाजीरावांच्या डोक्यावर ओतलं आणि सुपाने वारा घालायला लागली.

रायाजीरावांनी डोळे उघडले. तीन पेले पन्हं प्यायले. मग वर बघितलं.

"काच कुटं गेली?"

"झाकलीया, मामा. म्हणून तर तुमी शुद्धीवर आला."

"म्हंजी साधं छप्पर?" रायाजीराव ताडकन उठून बसले. "केसूनाना, आमाला काचेची गाडी सांगितली व्हती. ही फसवणूक झाली!"

"बाबा, आता हितं गार वाटतंय," मुलगा हळूच म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच काहीतरी म्हणाला.

"गप ऱ्हा!"

केसूनाना हात जोडत धावले आणि त्यांनी पुठ्ठा उपसून काढला. ऊन थेट रायाजीरावांच्या तोंडावर आलं. त्यांचा चेहरा फुलला.

"हां! ह्याला म्हणत्यात घराणं! ठरलं म्हणा लगीन," असं म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा मान टाकली.

"ठरलं! ठरलं!" केसूनाना नाचायला लागले.

तानीने पुन्हा पुठ्ठा बसवला. पुन्हा पाणी, पुन्हा सूप. रायाजीरावांनी डोळे उघडले, तेव्हा ते काही बोलायच्या आत तीच बोलली.

"मामा, लगीन ठरलं न्हाई. तुमच्या घरात मला जलमभर ह्येच करत बसावं लागंल. आज दोनदाच केलं तर हात भरून आलं."

मुलगा केविलवाणा होऊन तिच्याकडे बघत राहिला. तानीला त्याची कीव आली. पण कीव आली म्हणून लग्न करायचं नसतं, हे तिला आईने सांगून ठेवलं होतं.

पाहुणे पायी परत गेले. वाट सगळी झाडांखालून होती. रायाजीरावांना एकदाही चक्कर आली नाही, आणि त्याचा त्यांना फार अपमान वाटला.

मला केसूनानांचा राग येतो आणि वाईटही वाटतं. मुलीचं भलं व्हावं म्हणूनच बिचाऱ्याने तिला आणि स्वतःला भाजून काढलं होतं.

पुढच्या आठवड्यात हौसाबाई आणि तानी पुठ्ठा लावून बाजाराला निघाल्या. तानी गाडी चालवत होती, हौसाबाईला डुलकी लागली होती. गाडीच्या मागे दहा हात अंतर ठेवून, भर उन्हातून केसूनाना चालत होते. पारावरच्या कासवाने विचारलं, "नाना, गाडी तुमचीच न्हवं?"

"कुटली? ती साध्या छपराची?" केसूनाना घाम पुसत म्हणाले. "छ्या! आमच्या गाडीला वर काच हाय."

तात्पर्य: मुलांनो, वरून येणारं ऊन अडवायला पुठ्ठा पुरतो. म्हणूनच तो कधी लावू नये. फुकटच्या सावलीत बसलेल्याकडे कोण बघतं? शहाण्याने काचेखाली बसावं, "उजेड छान येतो" म्हणावं, आणि पाणी मारायला घरात एखादी तानी ठेवावी. ती नसेल, तर गाडी फाल्गुनातच विकावी. हसत हसत.