पूजेतलं पिस्तूल

पहिली गोळी सुटली, पण तिची रिकामी पुंगळी बाहेर पडायचं नाव घेईना. खालून दुसरं काडतूस वर आलं आणि पुंगळीच्या पाठीला नाक लावून तिरकं अडकलं. कॅप्टन महिपतराव आपल्याच परसात, वाळूच्या पोत्यासमोर उभे राहून त्या पिस्तुलाच्या विलायती कारखानदाराचा मराठीत उद्धार करू लागले.

"दसऱ्याच्या आधीच पटाखे सुरू केले काय?" भिंतीपलीकडून पांडुरंगराव ओरडले.

पांडुरंगराव संस्थान असताना दरबारच्या देवघरात पुजारी होते. संस्थान गेल्यापासून ओट्यावर होते. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते आपला जुना मानमरातब ऐकवत, आणि ऐकणारा हलला तर त्याचा हात धरून ऐकवत.

महिपतरावांना भीती होती ती नेमकी त्या ओट्याची. ग्वाल्हेर आणि इंदूर एक होऊन मध्यभारत झाला. दोन्हीकडच्या फौजा आता हिंदुस्थानच्या फौजेत जाणार होत्या, आणि दोन शस्त्रागारांचं एक होणार होतं. त्याच्या प्रमुखाची खुर्चीही एकच. तिच्यासाठी ग्वाल्हेरकडून महिपतराव आणि इंदूरकडून कॅप्टन सूर्याजी. दिल्लीचे साहेब सोमवारी चांदमारीवर दोघांना आपापल्या पिस्तुलानं नेम मारायला लावणार होते. ज्याला खुर्ची मिळणार नाही, त्याला ऐन चाळिशीत पेन्शन. पेन्शन म्हणजे ओटा, आणि ओटा म्हणजे जन्मभर पांडुरंगराव.

"स्प्रिंग ढिली झाली असेल," पांडुरंगराव म्हणाले. "संस्थानाचीच झाली, तिथे पिस्तुलाचं काय घेऊन बसलात!"

महिपतरावांनी मॅगझिनची स्प्रिंग बदलली. मग काडतूस वर चढता चढताच अडायला लागलं. त्यांनी काडतुसं बदलली. ती चढली, सुटली, पण पुंगळ्या आत ठाण मांडून बसल्या. एक पुंगळी तर त्यांना दातकोरण्यानं काढावी लागली. शेवटी रविवारी दुपारी त्यांनी जुनं धोतर अंथरलं आणि पिस्तूल पार खोलून टाकलं.

आत हळद होती. हळदीवर कुंकू, त्यावर तुपाचा थर, त्यावर पुन्हा हळद. पुंगळीला धरून बाहेर ओढणारी जी पोलादी आकडी असते, तिच्या खाली तांदळाचा दाणा आरामात बसला होता. दुसरा मॅगझिनमध्ये होता. अनेक दसऱ्यांचं पुण्य तिथे साठलं होतं.

"विजया!" महिपतराव गरजले.

विजयाबाई पदराला हात पुसत आल्या. "काय करून राहिलात हे? धोतराचं काय केलंत?"

"हे काय आहे?"

"हळद. आणि ते कुंकू. दरसाल शस्त्रांची पूजा होते, तेव्हा तुम्हीच तर शेजारी पाटावर बसता."

"अगं, तलवारीची कर ना पूजा! तलवारीला आतबाहेर नसतं!"

"मग पिस्तूल काय परकं आहे? तुमच्या मासाहेब तर त्याला दह्याचं बोट लावायच्या. तेव्हा बिलकुल तक्रार नव्हती कुणाची."

महिपतरावांनी दह्याचा विचार केला आणि बाह्या वर सारल्या. त्यांनी एकेक भाग रॉकेलनं धुतला, आकडी घासली, बंदुकीच्या तेलाचा हलका हात फिरवला. संध्याकाळी पोत्यावर अख्खं मॅगझिन झाडलं. एकही गोळी अडली नाही. पुंगळ्या टणाटण बाहेर उडाल्या, पोतं फुटलं, वाळू सांडली, आणि भिंतीपलीकडे बराच वेळ शांतता पसरली. एवढ्यानंसुद्धा महिपतरावांना खुर्ची मिळाल्यासारखं वाटलं.

सोमवारी चांदमारीवर ते छाती काढून उभे राहिले. दिल्लीचे साहेब उंचेपुरे, मितभाषी, आणि हिंदीखेरीज काही न बोलणारे होते. महिपतरावांची पहिली गोळी फळीच्या मधोमध बसली. दुसऱ्या वेळी चाप दाबला, तर तो नुसताच दबला. पुंगळी आत, तिच्या पाठीला काडतूस.

त्यांनी स्लाइड मागे ओढून पिस्तूल झटकलं. तळहातावर एक तांदूळ पडला, तुपात माखलेला, लालभडक. काल धुतलेल्या पिस्तुलात आज ताजं कुंकू होतं. सकाळी आपण आंघोळीला गेलो असताना देवघरातली घंटा नेहमीपेक्षा जास्त वेळ का वाजत होती, ते महिपतरावांना आत्ता उमगलं.

साहेबांनी वाकून पाहिलं. "यह कौन-सा पुर्ज़ा है, कैप्टन?"

"अक्षता, सर."

साहेबांनी खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं. सूर्याजी मात्र मिशीत हसले, पुढे आले, नेम धरला आणि चाप दाबला. त्यांची तर पहिलीच गोळी सुटेना. ते मॅगझिनवर तळव्यानं थपडा मारू लागले. महिपतरावांना ते बघवेना.

"अहो, ठोकू नका!" ते ओरडले. "घरी पूजा कोण करतं?"

सूर्याजी ओशाळले. "सौभाग्यवती."

"तेल की तूप?"

"लोणी," सूर्याजी हळूच म्हणाले.

"अरे देवा! आणा इकडे."

महिपतरावांनी मॅगझिन काढलं, काडतूस बाहेर घेतलं, फेट्याची पिन काढून आकडीखालचे दाणे कोरले, रुमालानं लोणी निपटलं आणि पिस्तूल परत दिलं. हे सगळं त्यांनी बोलता बोलता केलं, आठवडाभर दुसरं केलं तरी काय होतं! सूर्याजींनी सगळ्या गोळ्या एकापाठोपाठ एक फळीच्या काळजात घातल्या. शेवटचा बार ऐकताना महिपतरावांच्या लक्षात आलं, की आपण आपल्या हातानं आपली खुर्ची साफ करून, पुसून, इंदूरला दिली. त्यांना डोळ्यांसमोर ओटा दिसला. त्यावर पांडुरंगराव सरकून जागा करत होते.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "निशाना आपका बढ़िया है," ते सूर्याजींना म्हणाले. "पेंशन नहीं, आप पलटन के साथ पहाड़ पर जाएँगे." मग महिपतरावांकडे वळले. "और शस्त्रागार में मुझे निशानेबाज़ नहीं चाहिए. बिगड़ी हुई चीज़ ठीक करनेवाला चाहिए. कुर्सी आपकी."

महिपतराव घरी आले ते आनंदानं आणि संतापानं सारखेच भरून. विजयाबाई दारातच होत्या.

"मिळाली?"

"मिळाली! पण तुला एकदाच सांगून ठेवतो, आज सकाळी तू ती पूजा केली नसतीस, तर..."

तर गोळ्या सटासट सुटल्या असत्या. आणि नेमबाज म्हणून आपणच पहाडावर गेलो असतो. महिपतरावांचं वाक्य मधेच अडकलं, ते काही केल्या पुढे सरकेना.

"तर काय?" विजयाबाईंनी विचारलं.

"काही नाही. पाणी दे."

"बघा! म्हणूनच म्हणते, पूजा फुकट जात नाही." पाण्याचा तांब्या देत त्या हिशेब करू लागल्या. "दसरा तोंडावर आला. तुमच्या त्या शस्त्रागारात बंदुका किती असतील हो? आजपासूनच हळद कांडायला घ्यावी लागेल."

"आणि वहिनी," भिंतीपलीकडून पांडुरंगरावांचा उत्साही आवाज आला, "पूजा सांगायला मी रिकामाच आहे. रोज येत जाईन!"