आधी शेळीचं नाव

कुणी शेळी घेऊन आलं की सोपानराव आधी शेळीला रामराम घालायचे. हात जोडून, जरासं वाकून. मग तिचं नाव विचारायचे. मालक बिचारा आपलं नाव सांगायला तोंड उघडायचा, तर सोपानराव हात वर करून म्हणायचे, "तुमचं मंग. पयले हिचं सांगा." शेळीला नाव नसेल तर तिथल्या तिथं ठेवायचे आणि मालकाकडे असं बघायचे, की पोटच्या लेकराचं बारसं न करता हा गडी इतके दिवस जेवला तरी कसा.

सोपानराव आमच्या जनावरांच्या दवाखान्यातले परिचर. म्हणजे झाडलोट करायची, जनावर धरायचं, जखम धुवायची, मलमपट्टी करायची. मी त्यांचा साहेब, पशुधन पर्यवेक्षक. पदविका घेतलेला, टेबल-खुर्ची असलेला. हे मुद्दाम सांगतो, कारण दवाखान्यात येणाऱ्या माणसाला ते कधी कळायचंच नाही.

सिद्धेश्वर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा दवाखाना होता. दोन खोल्या, जनावर उभं करायला लाकडी खोडा आणि दारात एक निंब. मी आलो तेव्हा आमचे शिक्के परभणीचे होते, पुढं जिल्हा फुटला आणि ते हिंगोलीचे झाले. तेवढ्या काळात दारात येणाऱ्या माणसाचा प्रश्न मात्र बदलला नाही.

"सोपानमामा हाईत का?"

"नाहीत. पण मी आहे."

"मंग उद्या येतो."

आणि तो लंगडणारी शेळी तशीच वळवून घेऊन जायचा. मी खुर्चीत बसून त्या शेळीची पाठ बघत राहायचो. तीसुद्धा खुशीत चालली आहे असं मला वाटायचं. माणसानं किती जळावं याला काही मर्यादा असते, पण ती मला त्या दवाखान्यात कधी सापडली नाही. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी दारात येऊन 'सायब हाईत का' असं विचारावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी औंढ्याला नवसही बोलणार होतो, पण देवाला तरी कुठल्या तोंडानं सांगायचं?

एकदा वरचे अधिकारी तपासणीला आले. रोजची नोंदवही सोपानराव भरायचे. साहेबांनी पानं उलटली आणि त्यांचा चेहरा खुलला. मालकाच्या रकान्यात चांदी, मैना, राधी, शेवंता, सोनी अशी नावं ओळीनं लिहिलेली. साहेब म्हणाले, या भागातल्या बायका जनावरं घेऊन स्वतः येतात, हे फार चांगलं लक्षण आहे. तुम्ही त्यांच्यात विश्वास निर्माण केलात. तसा शेराही त्यांनी वहीत लिहिला. चांदी म्हणजे काबऱ्या रंगाची, एका कानाची शेळी आहे, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते गेल्यावर मी सोपानरावांवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "सायब, दुखनं कुणाला व्हतं? चांदीला. मंग नाव कुणाचं लिवावं?" माझ्या सगळ्या नोकरीत मला मिळालेली ती एकमेव लेखी शाबासकी, आणि तीही त्यांच्या चुकीमुळे.

बाजारच्या दिवशी निंबाखाली बैठक बसायची. धरणावर जाळं टाकणारा मारोती भोई यायचा, चहाला गाडी थांबवणारे एसटीचे ड्रायव्हर गफूरभाई यायचे, शेळ्यामेंढ्यांची माणसं तर असायचीच. बसता बसता सोपानराव विचारायचे, "मंग, आज काय भेटलं कामात?" हा त्यांचा ठरलेला सवाल. पैसे किती भेटले, असं कधी विचारायचे नाहीत. मारोती सांगायचा, जाळं ओढताना बोटाला जो हिसका बसतो त्यावरून मरळ आहे की रोहू ते कसं कळतं. गफूरभाई सांगायचे, "अपनी गाडी चढाव पे बोलती है, हम सुनते." त्यांच्या गाडीचा तिसरा गिअर म्हणे रुसायचा आणि त्याला समजूत घालावी लागायची. लोक मान डोलवायचे. शेवटी सोपानराव एखाद्या जनावराची गोष्ट सुरू करायचे आणि गफूरभाईंची गाडी हमखास उशिरा सुटायची. आतले प्रवासी खिडकीतून कान देऊन बसलेले असायचे, त्यामुळे तक्रार कोण करणार?

एकदा मीही बाहेर गेलो. सोपानरावांनी अदबीनं जागा करून दिली आणि म्हणाले, "सायब, आज तुमी सांगा की." मी घसा खाकरला आणि तिमाही अहवालाचा नमुना कसा बदलला, आधीचे रकाने आणि आताचे रकाने यांत फरक काय, ते समजावून सांगू लागलो. लोक ऐकत होते. फार मर्यादेनं ऐकत होते. मध्येच एका बकऱ्यानं शिंक दिली आणि सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की तिघंचौघं त्याची विचारपूस करायला उठले. मी आत आलो. त्या दिवसापासून बैठक सुरू झाली की मी खिडकी लावून घ्यायचो.

बाहेरचं एक वेळ सोडा. घरी आमच्या धाकट्याला दुधासाठी शेळी आणली होती. तिची डावी कूस फुगली, तिनं चारा सोडला. मी औषध पाजलं, पोट चोळलं, पुस्तकात होतं ते सगळं बिनचूक केलं. बायको शेजारी उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "अहो, सोपानमामांना बोलवायचं का?" पिकतं तिथं विकत नाही हे मला ठाऊक होतं, पण निदान अंगणात तरी खपावं की नाही? सोपानराव आले, शेळीला रामराम घातला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. तिनं दोन ढेकर दिले आणि चारा ओढला. "सायबांच्या औषदानं काम केलंच व्हतं," ते बायकोला म्हणाले. ते खरंही होतं. पण बायकोनं चहा ठेवला तो त्यांच्यासाठी, आणि साखर दोन चमचे जास्त घातली.

माझा जळफळाट कळसाला पोचला तो भागोजीच्या मेंढीपायी. भागोजी हटकराचा कळप एका उन्हाळ्यात कालव्याकडेच्या एका रानात बसला होता. शेतकरी मेंढ्या बसवून घेतात, रानाला खत होतं. त्यातली एक मेंढी विताना सकाळपासून अडली होती. मी मोटारसायकल काढली आणि मागे सोपानराव बसले. कोकराचा पुढचा एक पाय मागे दुमडलेला आहे, हे मी बघताक्षणी ओळखलं. ओळखलं मी, हे लक्षात ठेवा. पण माझा पंजा थोराड. सोपानरावांचा हात बाईमाणसासारखा बारीक. कालव्याच्या पाझरानं तिथं चिखल झाला होता. ते कोपरापर्यंत हात धुऊन, तेल लावून सरळ त्या चिखलात आडवे झाले. "दम धर बाई, दम धर," असं मेंढीला म्हणत त्यांनी पाय सरळ केला आणि कोकरू बाहेर काढलं. ते श्वास घेईना. त्यांनी त्याचं नाक पुसलं, नाकात गवताची काडी फिरवली, तसं ते शिंकलं.

मी बाजूला छत्री धरून उभा होतो. ऊन मरणाचं होतं, बूट नवे होते आणि त्याच दिवशी हिंगोलीला अहवाल पोचवायचा होता, म्हणून एक डोळा घड्याळावर होता. भागोजीनं चहा आणला. पहिला कप त्यानं चिखलानं माखलेल्या सोपानरावांच्या हातात दिला, दुसरा मला. तो चहा कसा होता ते आता आठवत नाही, पण कपांचा क्रम मी आजही विसरलेलो नाही.

पुढं ही गोष्ट निंबाखाली किती वेळा झाली असेल कोण जाणे. "त्या दिशी भागोजीच्या मेंढीला..." एवढं कानावर पडलं की मी उठून खिडकी लावायचो. नोकरीच्या शेवटच्या वर्षात तर सोपानरावांनी कहरच केला. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जायचे. लग्नाच्या मांडवात, आठवडी बाजारात, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं गोष्ट सुरू. निवृत्तीआधी आपली कीर्ती जिल्हाभर करून ठेवायची दिसते, असं मी मनात म्हणालो. बायकोलाही म्हणालो. ती म्हणाली, करू देत की, तुमचं काय जातं?

ते निवृत्त झाले. मी शाल-नारळ दिला आणि भाषणात त्यांची दोन वाक्यांत स्तुती केली. तिसरं वाक्य ओठांवर आलं होतं, मी ते गिळलं. भागोजी त्या दिवशी रडला. माझ्या बदलीला कोण रडेल, याचा मी मनातल्या मनात हिशेब केला आणि भाषण आवरतं घेतलं.

आठवडाभर दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. मग सोमवारी दारात एक जीप थांबली. लांबच्या हट्टा गावचा एक माणूस कासेला सूज आलेली शेळी उचलून खाली उतरला आणि म्हणाला, "सायब हाईत का?"

मी त्याला पुन्हा विचारायला लावलं.

"सायब. मेंढीपायी चिखलात पडले व्हते ते. आमच्याकडं एका लग्नात म्हाताऱ्या मामानं सांगितलं. म्हणे, इस्तरीच्या कापडानिशी आडवे झाले, कोकराच्या नाकात काडी घातली, हिंगोलीचं काम सोडून थांबले. असा सायब जिल्ह्यात न्हाई म्हणे. तुमीच ना ते?"

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. तो इतक्या विश्वासानं बघत होता की माझ्याच्यानं खुर्चीत बसवेना. मी उठलो, बाहेर आलो आणि शेळीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. कास शेकली, दूध पिळून काढलं, औषध दिलं. पँटीचं पार वाटोळं झालं. तो गेला तेव्हा मला दोनदा रामराम करून गेला.

दुपार कलल्यावर मी मोटारसायकल काढून सोपानरावांच्या वस्तीवर गेलो. ते अंगणात एकटेच बसले होते. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अंगणात एक खुंटा होता, त्याला नवं दावं बांधलेलं होतं, आणि जनावर कुठंच नव्हतं. मी आधी तेच विचारलं.

"न्हाई ठिवत," ते म्हणाले. "आपल्या घरचं आजारी पडलं की हात कापतो माझा. बायकोच्या वक्ताला समजलं ते. दावं आपलं बांधून ठिवलंय. खुंटा मोकळा चांगला दिसत न्हाई."

मग मी मुद्द्यावर आलो. त्या मेंढीची गोष्ट तुम्ही माझ्या नावावर काहून सांगितली, असं विचारलं. माझ्या तोंडातून त्यांच्या बोलीतलं 'काहून' कसं आलं ते मला कळलं नाही.

"लोक मला धरून बसले व्हते, सायब. मी गेल्यावर त्यांनी जनावर घरीच ठिवलं असतं. तकलीफ कुणाला? मुक्याला. म्हणून वरीसभर समद्या गोष्टी तुमच्या नावानं सांगितल्या."

"पण ते खोटं आहे. मी नुसता छत्री धरून उभा होतो."

"व्हय. पर छत्री कुणावर व्हती?"

मी आठवू लागलो, तोवर त्यांनीच सांगितलं.

"मेंढीवर व्हती. तुमी सोता उन्हात व्हते. मी खालून बघून राहिलो व्हतो. तवाच म्हणलं, ह्यो माणूस व्हईल."

मला यातलं काही आठवत नाही. घड्याळ बघायला मनगट वळवलं असेल आणि छत्री कलली असेल, असंच मला वाटतं. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. मला त्या घटकेला त्यांचा हेवा वाटत नव्हता. हेवा वाटत होता तो त्यांच्या गोष्टीतल्या साहेबाचा. त्याला भेटायला लोक हट्ट्याहून येत होते, आणि सोपानरावांनी त्याच्यावर एक वर्ष खर्ची घातलं होतं.

सोपानराव थोडे पुढं सरकले. गेल्या आठ दिवसांत त्यांच्याशी कुणी कामाचं बोललं नसावं.

"मंग, आज काय भेटलं कामात?"

मी हट्ट्याच्या शेळीची गोष्ट सांगितली. सूज किती होती, कास कशी शेकली, दूध कसं आलं, तिनं पहिल्यांदा लाथ कशी मारली आणि मग कशी उभी राहिली. रकाने वगैरे काही आले नाहीत. ते डोळे बारीक करून ऐकत होते.

"नाव काय?" त्यांनी विचारलं.

मी त्या माणसाचं नाव सांगितलं. ते तसेच माझ्याकडे बघत राहिले, आणि मग माझ्या ध्यानात आलं.

"विचारायचं राहिलं," मी म्हणालो. "परवा तो तिला दाखवायला आणणार आहे. विचारून येतो."

"या," सोपानराव म्हणाले. "मी हितंच असतो."